टोगोची बाजरी आणि महाराष्ट्रातलं लोह

जास्त लोह असलेला बाजरीचा ‘धनशक्ती’ हा वाण 2012 साली महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांच्या हाती पडला आणि 2014 मध्ये त्याला देशभरासाठी मान्यता मिळाली. जैवसमृद्ध पिकांचा, म्हणजे बियाण्यातच पोषण वाढवलेल्या पिकांचा, विषय भारतात निघाला की याच वाणाचं नाव आधी येतं. त्यामुळे ही सगळी अलीकडची, पोषणतज्ज्ञांनी सुरू केलेली गोष्ट आहे असा समज होतो. प्रत्यक्षात धनशक्ती ज्या वाणातून निवडला गेला तो 1988 पासून महाराष्ट्राच्या शेतांत होता. त्यातलं लोहही तेव्हापासून होतंच. शेतकऱ्यांनी तो पेरला तो लवकर निघतो, दाणा टपोरा भरतो आणि रोगाला बळी पडत नाही म्हणून. लोहाची मोजदाद त्यानंतर दीडेक दशकानं झाली. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. धान्यातलं पोषण वाढवण्याचे प्रयत्न गेल्या साठ वर्षांत अनेक झाले. त्यांतले जे टिकले ते शेतकऱ्याच्या बाकीच्या गरजा भागवत टिकले, आणि जे केवळ पोषणाच्या बळावर उभे राहायला गेले ते कोसळले. महाराष्ट्रातल्या बाजरीचा इतिहास याचा चांगला पुरावा आहे, आणि जैवसमृद्धी कुठवर पुरी पडेल याची मर्यादाही तोच दाखवतो.

बाजरी मुळात आफ्रिकेची. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला, आजच्या मालीच्या प्रदेशात, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी ती लागवडीखाली आली आणि इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात भारतात पोचली. हलक्या, मुरमाड जमिनीत आणि बेभरवशाच्या पावसात दुसरं धान्य जिथे हात टेकतं तिथे ती उभी राहते. म्हणून नगर, बीड, नाशिक, धुळे, पुण्याचा पूर्व भाग, साताऱ्याचे माण-खटाव या अवर्षणाच्या पट्ट्यात ती मुख्य धान्य झाली. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, थंडीत बाजरी आणि उन्हाळ्यात ज्वारी, बाळंतिणीच्या ताटात बाजरीची भाकरी, ही सगळी रीत याच पट्ट्यातली. यावरून आपल्या पूर्वजांना बाजरीतल्या लोहाची जाण होती असा निष्कर्ष काढण्याचा मोह अनेकांना होतो, पण तो घाईचा आहे. जे रानात पिकत होतं तेच ताटात येत होतं, आणि जे ताटात होतं त्याभोवती चालीरीती जमत गेल्या. एवढं मात्र खरं की या रीतींनी बाजरीला गरिबाचं पोट भरणारं धान्य यापलीकडे एक मान दिला, आणि पुढे बाजरी ताटातून हटू लागली तेव्हा तो मान तिला वाचवायला पुरला नाही.

लोह असलेला वाण इथवर कसा आला हे समजायचं तर एका रोगाकडे पाहावं लागतं. 1965 मध्ये एचबी-1 हा भारतातला पहिला संकरित बाजरीचा वाण प्रसारित झाला. लुधियानाच्या कृषी विद्यापीठातले दिलबाग सिंग अठवाल यांनी तो अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातून आलेल्या ‘टिफ्ट 23ए’ या नर-वंध्य वाणाच्या आधारे तयार केला होता. उत्पादनात उडी मोठी होती. 1970-71 मध्ये देशात सुमारे 80 लाख टन बाजरी पिकली, तोवर कधी नव्हे इतकी. पण त्या काळात गाजलेल्या सगळ्या संकरित वाणांची आई एकच होती, तीच टिफ्ट 23ए, आणि तिच्यात केवडा रोगाला तोंड देण्याची ताकद नव्हती. या रोगाला आपल्याकडे ‘गोसावी’ही म्हणतात, कारण कणसात दाणे भरण्याऐवजी हिरव्या पानांच्या जटा फुटतात. 1971 मध्ये एचबी-3 या लोकप्रिय वाणावर त्याची साथ आली आणि पुढच्या वर्षी दुष्काळ पडला. 1972-73 मध्ये देशातलं बाजरीचं उत्पादन दोन वर्षांपूर्वीच्या निम्म्यावर आलं. महाराष्ट्रात हीच ती वर्षं, जेव्हा लोक खडी फोडायला दुष्काळी कामांवर गेले, मुलांना सुकडी मिळाली आणि रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी खावी लागली. दुष्काळ पावसानं आणला, पण बाजरीच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याचं बियाणं त्याआधीच हरलेलं होतं. एकाच आईच्या लेकरांवर सगळा पेरा उभा करण्याची ती किंमत होती.

त्या अनुभवानं पैदासकार आफ्रिकेकडे वळले. हैदराबादजवळ पाटणचेरूला 1972 मध्ये इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था सुरू झाली आणि बाजरीच्या मूळ घरातले गावरान वाण तिथे गोळा होऊ लागले. त्यांत टोगो, घाना, बेनिन आणि बुर्किना फासो यांच्या सीमेवरच्या प्रदेशातला ‘इनियादी’ हा गट होता. करड्या रंगाचे टपोरे, गोलसर दाणे आणि लवकर तयार होणारं पीक ही त्याची ओळख. उत्तर टोगोतल्या अशाच एका इनियादी वाणातून निवड करून आयसीटीपी 8203 हा वाण बांधला गेला आणि 1988 मध्ये महाराष्ट्र व आंध्र प्रदेशासाठी प्रसारित झाला. तो संकरित नव्हता, सुधारित वाण होता. म्हणजे शेतकऱ्यानं चांगली कणसं राखून पुढच्या वर्षी पेरली तरी चालत. सुमारे अडीच महिन्यांत काढणी, केवड्याचा चांगला प्रतिकार, बाजारात उठून दिसणारा दाणा, आणि बियाणं घरचं. पाऊस कधी पाठ फिरवील याची खात्री नसलेल्या शेतकऱ्याला याहून वेगळं काय हवं होतं? महाराष्ट्रात तो मोठ्या क्षेत्रावर पसरला, आणि पसरताना त्याच्या दाण्यातलं लोह कुणी मोजलेलं नव्हतं.

त्याच सुमारास जगात दुसरीकडे पोषणाचा विचार एका अपयशातून सावरत होता. 1960 च्या दशकात पोषणतज्ज्ञांना प्रथिनांच्या टंचाईच्या चिंतेनं घेरलं होतं. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात मक्याच्या ‘ओपेक-2’ या जनुकामुळे दाण्यात लायसिन या प्रथिनांतल्या घटकाचं प्रमाण वाढतं असं 1964 मध्ये दाखवलं गेलं आणि मोठ्या आशा निर्माण झाल्या. भारतानंही 1971 मध्ये शक्ती, रतन आणि प्रोटिना हे असे मक्याचे वाण प्रसारित केले. पण त्यांचा दाणा मऊ आणि खडूसारखा पांढुरका होता, वजनाला कमी भरत होता आणि साठवणीत किडीला लवकर बळी पडत होता. शेतकऱ्यांनी तो नाकारला, आणि त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. लायसिन जास्त आहे म्हणून कमी वजनाचं पोतं कुणी त्याच भावानं विकत घेणार नव्हतं. दाणा पुन्हा कठीण करून तोच गुण टिकवायला मेक्सिकोत सुरिंदर वासल आणि इव्हान्जेलिना विलेगास यांना पुढची कित्येक वर्षं घालवावी लागली. त्या कामासाठी त्यांना 2000 चं जागतिक अन्न पारितोषिक मिळालं. म्हणूनच 1990 च्या दशकात हॉवर्थ बुईस हे अर्थतज्ज्ञ लोह, जस्त आणि अ जीवनसत्त्व पिकातच वाढवण्याची कल्पना घेऊन फिरू लागले तेव्हा अनेकांनी शंका काढल्या. उत्पादन घटेल आणि मक्याचीच पुनरावृत्ती होईल, ही त्यातली मुख्य शंका. 2003 मध्ये हार्वेस्टप्लस हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा ती शंका मनावर घेऊनच झाला: उत्पादनात आणि रोगप्रतिकारात मागे असलेला वाण कितीही पौष्टिक असला तरी पुढे न्यायचा नाही.

बाजरीसाठी हे काम इक्रिसॅटमध्ये के. एन. राय यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालं. पहिली अडचण मोजमापाची होती. शेतातली धूळ आणि मळणी यंत्राच्या लोखंडाचे कण दाण्याला चिकटले की लोहाचा आकडा फुगतो. म्हणून नमुने फार जपून गोळा करावे लागत, आणि मातीची भेसळ ओळखायला दाण्यातलं ॲल्युमिनियमही मोजलं जाई. असे शेकडो नमुने तपासताना पुन्हा पुन्हा एक गोष्ट समोर आली: जास्त लोहाचे बहुतेक वाण इनियादी रक्ताचे निघत होते, आणि आधीच शेतात असलेल्या वाणांत आयसीटीपी 8203 वरच्या रांगेत होता. सुधारित वाणात प्रत्येक झाड थोडं वेगळं असतं. त्या वेगळेपणाचा उपयोग करून त्याच्याच आतून जास्त लोहाची कुळं निवडली गेली आणि त्यांतून धनशक्ती तयार झाला. त्याच्या एक किलो दाण्यात सुमारे 71 मिलिग्रॅम लोह आणि 40 मिलिग्रॅम जस्त असतं. बाजारातल्या नेहमीच्या वाणांत लोह साधारण चाळीस-पन्नासच्या घरात असतं. उत्पादन मूळ वाणापेक्षा कमी झालं नाही, उलट थोडं वाढलं. जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याच्या निर्मल सीड्सनं त्याचं बियाणं बाजारात आणलं. यात कुठेही परक्या सजीवाचं जनुक घातलेलं नाही. ‘गोल्डन राइस’ या जनुक बदललेल्या तांदळावरून झालेल्या वादामुळे जैवसमृद्ध म्हटलं की लोकांच्या मनात जनुक बदललेलं पीक उभं राहतं, पण धनशक्ती हा निवड पद्धतीनं काढलेला वाण आहे, शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या चांगली कणसं राखत आले तीच पद्धत, फक्त डोळ्यांना न दिसणाऱ्या गुणासाठी वापरलेली.

दाण्यात लोह आहे याचा अर्थ ते अंगी लागतं असा नाही, हा पहिला गंभीर आक्षेप. बाजरीत फायटिक आम्ल भरपूर असतं आणि ते लोहाला धरून ठेवतं. पोटात गेलेल्या लोहातला एक छोटा हिस्साच रक्तात उतरतो. आक्षेप खरा आहे, पण त्याची तपासणी झालेली आहे. बेळगाव परिसरातल्या सुमारे दोन वर्षांच्या मुलांवर झालेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जैवसमृद्ध बाजरीतून मुलांच्या अंगी लागलेलं लोह आणि जस्त त्यांच्या दैनंदिन गरजेला पुरेल इतकं होतं. त्याहून महत्त्वाचा अभ्यास नगर जिल्ह्यातल्या निवासी शाळांतला, 2015 मध्ये प्रसिद्ध झालेला. 12 ते 16 वर्षांच्या 246 मुलामुलींना सहा महिने बाजरीची भाकरी आणि शेव दिली गेली, काहींना जास्त लोहाच्या बाजरीची, काहींना नेहमीच्या. चार महिन्यांतच पहिल्या गटात शरीरातला लोहाचा साठा वाढलेला दिसला. ज्यांच्यात सुरुवातीला लोहाची उणीव होती त्यांची ती भरून निघण्याची शक्यता दुसऱ्या गटाच्या 1.64 पट होती. याच मुलांपैकी काहींच्या पुढच्या चाचण्यांत लक्ष आणि स्मरणशक्ती सुधारल्याचंही आढळलं. तरी हा पुरावा एकतर्फी मांडणं योग्य नाही. नगरच्या अभ्यासात हिमोग्लोबिनमध्ये दोन गटांत ठोस फरक दिसला नव्हता, आणि मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या 12 ते 18 महिन्यांच्या मुलांवर पुढे झालेल्या अभ्यासात जैवसमृद्ध बाजरीच्या आहारामुळे एकूण गटाच्या लोहात किंवा वाढीत अर्थपूर्ण सुधारणा दिसली नाही. मला या दोन निकालांत विरोध वाटत नाही. किशोरवयीन मूल दिवसातून दोन वेळा भाकरी खातं. वर्षाचं मूल किती खाणार? बाजरीतलं लोह उपयोगी पडतं ते बाजरी पोटभर खाणाऱ्याला.

इथेच दुसरा आणि जास्त बोचरा आक्षेप येतो. लोह हवं तर लोकांना डाळी, हिरव्या भाज्या, मांस-मासळी मिळेल असं पाहा, निदान आहे ती बाजरी खाऊ द्या. नवीन वाण कशाला? आकडे मांडून पाहू. दिवसाला 200 ग्रॅम पीठ, म्हणजे दोन-तीन भाकऱ्या धरल्या, तर नेहमीच्या बाजरीतून सुमारे 9 मिलिग्रॅम लोह मिळतं आणि धनशक्तीतून सुमारे 14. तेवढ्याच पॉलिश केलेल्या तांदळातून जेमतेम एक-दीड मिलिग्रॅम. प्रौढ बाईसाठी राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2020 मध्ये सुचवलेलं प्रमाण दिवसाला 29 मिलिग्रॅम आहे. म्हणजे नेहमीच्या बाजरीकडून जैवसमृद्ध बाजरीकडे जाताना 5 मिलिग्रॅमची कमाई होते, पण बाजरीकडून भाताकडे जाताना साडेसात-आठ मिलिग्रॅमचा तोटा होतो. गव्हाची बाजू प्रामाणिकपणे सांगायला हवी: कोंड्यासकट दळलेल्या गव्हात लोह नेहमीच्या बाजरीच्या जवळपास असतं, त्यामुळे चपातीकडे वळल्यानं तेवढा तोटा झाला नाही. मात्र बाजरी सुटली की धनशक्तीतून होणारी कमाईही सुटली. महाराष्ट्रात बाजरीखालचं क्षेत्र तीन दशकांत निम्म्याहून कमी झालं आहे. पाणी आलं तिथे ऊस आणि कांदा गेला, कोरडवाहू रानात सोयाबीन आणि कपाशी पसरली, आणि रेशनवर प्रामुख्यानं गहू-तांदूळ मिळत राहिला. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात भरड धान्यासाठी किलोला एक रुपया असा सगळ्यात कमी दर लिहिला गेला, पण बाजरीची सरकारी खरेदी आणि वाटप त्या प्रमाणात कधी उभं राहिलं नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांत आणि पाच वर्षांखालच्या सुमारे 69 टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. सगळा रक्तक्षय लोहाच्या अभावानं होत नाही, आणि बाजरी हटल्यामुळेच हे झालं असंही म्हणता येत नाही. देशभरातलं चित्र याहून वेगळं नाही. तरीही आक्षेप घेणाऱ्यांचं एवढं मला पटतं की जिथे बाजरी ताटातून गेली तिथे नवा वाण काही करू शकत नाही.

आक्षेपाचा उरलेला अर्धा भाग मात्र मला मान्य नाही. विविध आहार हे उद्दिष्ट निर्विवाद आहे, पण बाजरीच्या पट्ट्यातलं कोरडवाहू कुटुंब रोज डाळ, भाजी आणि मटण परवडण्याची वाट पाहत असताना भाकरी तर खातच आहे. तीच भाकरी जादा खर्चाशिवाय, चवीत किंवा रंगात काहीही न बदलता दीडपट लोहाची होत असेल, तर ती नाकारायला कारण नाही. लोहाच्या गोळ्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम 1970 पासून चालू आहे. त्या गोळ्या पोचाव्या लागतात, घ्याव्या लागतात, आणि मळमळ झाली की सुटतात. 2021 मध्ये घोषणा झालेला पोषणयुक्त तांदूळ कारखान्यात तयार करून रेशन आणि इतर सरकारी आहार योजनांतून देण्यासाठी होता. घरच्या रानात पिकवून घरीच खाल्ल्या जाणाऱ्या धान्यापर्यंत या दोन्ही मार्गांचा हात पोचत नाही. शिवाय बाजरीचं पीठ काही दिवसांत कडवट होतं, म्हणून ती दूरच्या शहरात पिशवीबंद पीठ म्हणून टिकवणं अवघड. ती मुख्यतः पिकते तिथेच, ताजी दळून खाल्ली जाते. बियाण्यातला गुण अशा धान्याच्या बाबतीत जितका थेट पोचतो तितका दुसरा कुठलाच उपाय पोचत नाही.

खरी अडचण पुढच्या टप्प्यावर आहे, आणि ती बियाण्याच्या धंद्यातली आहे. युगांडा-मोझांबिकमधलं जैवसमृद्ध रताळं कापलं की आतून नारिंगी दिसतं. विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला फरक कळतो. बाजरीतलं लोह दिसत नाही, चाखता येत नाही. बाजार समितीत दाण्याचा रंग, टपोरेपणा आणि ओलावा पाहून भाव ठरतो. लोहाला तिथे भाव नाही. धनशक्तीचं बियाणं शेतकरी घरी राखू शकतो ही त्याची मोठी सोय, पण बाजरीत परागीकरण एका झाडाचं दुसऱ्या झाडाशी होतं. शेजारच्या बांधापलीकडे दुसरा वाण असेल तर दोन-चार हंगामांत लोह पातळ होत जातं आणि ते कुणाच्या ध्यानातही येत नाही. कंपन्यांना दरवर्षी विकलं जाणारं संकरित बियाणं हवं असतं, आणि बहुतेक शेतकरीही जास्त उत्पादनासाठी आता तेच पेरतात. म्हणून पैदासकारांना संकरित वाणांत लोह आणावं लागलं. हे सोपं नव्हतं, कारण संकरात लोह टिकवायचं तर आई आणि बाप दोघांतही ते असावं लागतं. महाराष्ट्रातल्या केंद्रांनी हे काम मनापासून केलं. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या छत्रपती संभाजीनगर केंद्राचे एएचबी 1200 आणि एएचबी 1269, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या धुळे केंद्राचा फुले महाशक्ती, हे सगळे धनशक्तीच्या बरोबरीचं किंवा त्याहून जास्त लोह असलेले संकरित वाण आहेत.

या सगळ्यात मला सर्वांत दूरगामी वाटतो तो 2018 पासून लागू झालेला एक साधा नियम. बाजरीच्या अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पानं ठरवलं की यापुढे चाचणीतून पुढे जाणाऱ्या वाणात किलोमागे किमान 42 मिलिग्रॅम लोह आणि 32 मिलिग्रॅम जस्त असलंच पाहिजे. 42 हा आकडा धनशक्तीच्या जवळपासही नाही. पण त्यामुळे लोह हा वेगळ्या पाकिटातला, वेगळ्या नावानं विकायचा गुण उरला नाही. केवड्याला बळी पडणारा वाण आज प्रसारित होत नाही, तसाच लोहात अगदी गरीब असलेला वाणही होणार नाही. जो शेतकरी लोहाचा विचार न करता केवळ उत्पादन आणि कडब्यासाठी बियाण्याची पिशवी उचलतो, त्याच्याही रानात हा नियम पोचतो. इनियादी वाणानं 1988 मध्ये नकळत जे केलं, तेच आता ठरवून केलं जात आहे, आणि उंबरठा हळूहळू वर सरकवता येईल. पण ताटात बाजरीच नसेल तर हा नियमही उपयोगाचा नाही. त्यासाठी बाजरी रेशनवर, अंगणवाडीच्या आहारात आणि शालेय पोषण आहारात नियमितपणे, जवळच्याच तालुक्यातून खरेदी होऊन यायला हवी. ते काम पैदासकारांच्या हातातलं नाही. त्यासाठी हमीभावानं खरेदी करणारी केंद्रं लागतात, आणि बाजरीच्या पट्ट्यात ती फार थोडी आहेत.